"ड्युटीला कधी जाऊ?" – कमी वयात हार्ट अटॅक येऊन गेल्यावर कामावर परत कसं जायचं

अटॅक येऊन नववा दिवस. डिस्चार्ज मिळून चार दिवस झालेले. माझा धाकटा भाऊ कॉटवर उठून बसला आणि म्हणाला, "दादा, सोमवारपासून ड्युटीला जाऊ काय?" वय ३८, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे बनवायला) आहे, दोन पोरं, घराचं लोन चालू. आई आतूनच ओरडली, "सहा महिने उंबरा ओलांडायचा नाही!" शेजारचे काका म्हणाले फाउंड्री विसर आता, किराणा दुकान टाकून बस. आणि डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ, हलकं काम करावे. फाउंड्रीत हलकं काम म्हणजे नेमकं कुठलं हे ना आम्हाला कळलं ना त्याच्या सुपरवायझरला.

त्यानंतर सात महिने मी त्याच्याबरोबर प्रत्येक तपासणीला गेलो, डॉक्टरांना विचार विचार विचारलं, आणि जे समजलं ते इथं लिहितोय कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या ह्या भागात प्रत्येक गल्लीत आता असा एक तरी चाळिशीच्या आतला माणूस आहे आणि त्या प्रत्येकाच्या घरी हाच वाद चाललेला आहे. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण त्यांना काय विचारायचं हे तरी आपल्याला माहीत पाहिजे की.

आधी आत काय झालेलं असतंय ते बघू. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं आणि ते आणणाऱ्या तीन मुख्य नळ्या असतात. नळीच्या आतल्या अंगाला चरबीचा थर साठलेला असतो, तो एखाद्या दिवशी फुटतो, तिथं रक्ताची गाठ धरते आणि पुढचं रक्त बंद. पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. अँजिओप्लास्टी करून, म्हणजे बारीक फुग्यानं नळी फुगवून, स्टेंट (जाळीची बारीक नळी) घातला की नळी उघडते, माणूस दुसऱ्या दिवशी चहा पीत बसतो, बघणाऱ्याला वाटतं झालं, बरा झाला. पण जेवढा स्नायू मेला तेवढ्या जागी घट्ट वण तयार व्हायचा असतो, शिंप्यानं रफू करावं तसा, आणि तो वण पक्का व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे नळी उघडली का हा एक प्रश्न झाला आणि पंप किती जोरात चालतोय हा दुसरा. कामावर जायचं ठरतं ते जास्त करून दुसऱ्यावर.

पंपाचा जोर इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत कळतो. रिपोर्टवर ईएफ म्हणून एक आकडा असतो, प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो. ५५ च्या वर असला तर चांगला, ४० च्या खाली गेला तर जपून. लोक इथं एक चूक करतात, अटॅकच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा बघून हबकतात. तेव्हा काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधीर झालेला असतो, तो नंतर हळूहळू जागा होतो. माझ्या भावाचा दवाखान्यात ४२ होता, दोन महिन्यांनी ५२ आला. म्हणून सहा आठवडे ते तीन महिन्यांनी परत इको करायला सांगतात तो टाळू नका, पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

आता कमी वयाचं वेगळं का बोलायचं. २००४ साली ५२ देशांचा मिळून इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ ह्या भागात पहिला अटॅक येतो तो साधारण ५३ व्या वर्षी, आणि बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधीच. आणि ही तर मधली संख्या, म्हणजे निम्म्या लोकांना त्याच्याही आधी येतो. कर्नाटकात २०२१ मध्ये कन्नड सिनेमाचे हिरो पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले तेव्हा सगळं राज्य हादरलं, आपल्या मराठी घरांत पण तो दिवस लोकांना आठवतो. पण वाचलेल्यांचं काय, ह्याबद्दल कुणी बोलत नाही. ६५ वर्षांच्या माणसाला "आराम करा" म्हणणं सोपं आहे, ३८ वर्षांच्या माणसापुढे कामाची अजून वीस-बावीस वर्षं असतात, पोरांच्या फिया असतात, आणि बाहेरून तो धडधाकट दिसतो म्हणून चार लोकांना त्याचं दुखणं पटतही नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला कळली ती टीएमटीच्या दिवशी, म्हणजे ती पट्ट्यावर चालायची तपासणी. आम्ही सगळे विचारत होतो "किती दिवसांनी?" आणि डॉक्टर म्हणाले, दिवस मोजू नका, काम मोजा. कामाचं वजन मोजायला एक माप आहे त्याला मेट म्हणतात. नुसतं शांत बसलेलं असताना अंगाला जेवढा ऑक्सिजन लागतो तो १ मेट. टेबलाशी बसून लिहायचं-टायपायचं काम दीड मेट. उभं राहून हलकं मशीन चालवणं अडीच-तीन. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी भरभर चालणं साडेतीन-चार, दोन मजले न थांबता चढणं पण चारच्या वरच. फावड्यानं वाळू ओढणं, जड पेटी उचलून चालणं हे सात-आठपर्यंत जातं. आता पट्ट्याची तपासणी बघा, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात, पहिली तीन मिनिटं पूर्ण केली की माणूस साधारण ५ मेटपर्यंत जातो, सहा मिनिटं झाली की ७, नऊ मिनिटं झाली की १०. रिपोर्टात हा आकडा लिहिलेला असतो, आम्ही कधी वाचलाच नव्हता.

आणि मग हिशोब असा. आठ तासांच्या कामाची सरासरी तुमच्या कमाल आकड्याच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये, मध्येच पाच-दहा मिनिटं जास्त जोर लागला तर चालतो पण दिवसभर नाही. माझ्या भावाला सहा आठवड्यांनी ७ मेट आले. सातचे ४० टक्के म्हणजे २.८. म्हणजे उभं राहून मशीन चालवता येईल, कोअर शॉपमध्ये छोटे कोअर (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे तुकडे) बनवता येतील, पण मोल्डिंगची पेटी आणि वाळूचं फावडं नाही. एवढं साधं गणित, पण ते कळल्यावर घरातला वाद निम्मा संपला, कारण आई म्हणत होती तसं सहा महिने झोपून राहायचीही गरज नव्हती आणि तो म्हणत होता तसं सोमवारी जाऊन लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) धरणं म्हणजे तर जिवावर खेळणं झालं असतं. ही टीएमटी स्वतःच्या मनानं जाऊन करायची नाही हां, कधी करायची ते डॉक्टर ठरवतात, काहींना तर करायचीच नसते.

मोटामोटी अंदाज पाहिजे असेल तर, अटॅक साधा होता, स्टेंट नीट बसला, ईएफ चांगला आहे आणि काम बसून आहे तर दोन-तीन आठवड्यांत अर्धा दिवस सुरू करायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. अंगमेहनतीचं काम असेल तर दोन-तीन महिने. बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्या काळात पाच किलोची पिशवी पण उचलायची नाही, आणि जड कामाला तीन महिने तरी धरा.

पण मेटचा आकडा सगळं सांगत नाही. फाउंड्रीत उष्णता असते. गरमीत अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घाम जातो, आणि वरून बीपीच्या गोळ्या चालू, मग उभ्या उभ्या चक्कर. तेच काम जानेवारीत जमतं आणि एप्रिलमध्ये जमत नाही. दुसरं म्हणजे श्वास रोखून ओझं उचलणं, आपण जोर लावताना "हं" करून श्वास धरतो ना, त्या क्षणाला बीपी एकदम वर उडतं. उचलताना श्वास सोडायचा, आणि दोघांनी मिळून उचलायचं. वडगाव-शहापूर-खासबागच्या मागावर बसणाऱ्यांना ओझं तेवढं नसतं पण तासन् तास उठणं नाही, त्यांनी तासाला पाच मिनिटं उठून चालायचंच. साखर कारखान्यात सीझनला शिफ्ट फिरती असते आणि रात्रपाळीनं झोप, जेवण, गोळ्यांची वेळ सगळंच बिघडतं म्हणून पहिले काही महिने रात्रपाळी नको असं लिहून घ्यावं. एमएलआयआरसीतून (बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र) रिटायर होऊन सिक्युरिटीला लागलेले आपले कितीतरी लोक बारा बारा तास रात्री उभे असतात, त्यांनाही हेच. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला हृदयविकारानं मरायचा धोका ३५-४० तासवाल्यापेक्षा १७ टक्क्यांनी जास्त असतो. ओव्हरटाइमचे पैसे घेताना हा आकडा आठवावा असं मला मनापासून वाटतं.

ड्रायव्हर लोकांचं वेगळं, कारण चोर्ला घाटात स्टेअरिंगवर असताना काही झालं तर गाडीतले बाकीचेही जातात. ब्रिटनचे नियम अंदाजासाठी चांगले आहेत, तिथं अँजिओप्लास्टी यशस्वी झाली आणि ईएफ ४० च्या खाली नसेल तर स्वतःची गाडी एक आठवड्यानं चालवता येते, पण ट्रक-बसवाल्याला कमीत कमी सहा आठवडे थांबून पट्ट्याची तपासणी पास व्हावी लागते, तीन स्टेज म्हणजे नऊ मिनिटं. आपल्याकडे गोव्याला भाजी घेऊन जाणारा पिकअपवाला पंधराव्या दिवशी रात्री दोनला निघतो. असं करू नका.

बायकांबद्दल थोडं थांबून लिहायलाच पाहिजे, कारण "कामावर परत" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. कमी वयाच्या बाईलाही अटॅक येतो, कधी कधी चरबीचा थर नसतानाही नळीचं आतलं अस्तर फाटून येतो, आणि तो बाळंतपणानंतरच्या दिवसांत पण येऊ शकतो. तिला घरी पाठवताना सांगतात "घरीच आराम करा", आणि घरी तर तिचं काम असतं. पाण्याच्या घागरी, धुणं, वाकून झाडणं-पुसणं, चुलीपुढची भाकरी, हे सगळं मिळून कारखान्यातल्या कितीतरी कामांपेक्षा जड भरतं, आणि त्याला सुट्टी नाही, मेडिकल सर्टिफिकेट नाही. आमच्या नात्यातली एक वैनी तिसऱ्या दिवशी धुणं धुवायला बसली, कुणी अडवलं नाही. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांना अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे, तंबाखू हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात जातं, म्हणून कामाला परत जायच्या आधी डॉक्टरांना "मी विड्या वळते" हे सांगितलंच पाहिजे, ते आपणहून विचारत नाहीत.

आणि तंबाखूचं म्हणाल तर, आपला भाग तंबाखूचा, चुन्याची डबी खिशात नसलेला माणूस शोधावा लागतो. अटॅकनंतर सिगारेट-विडी सोडली तर पुढं मरायचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो, कुठलीच एक गोळी ह्यापेक्षा फार जास्त देत नाही. त्रास असा की कामावर परत गेलं की चहाच्या सुट्टीत तेच मित्र, तीच टपरी, तोच हात पुढे येतो. भावानं पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं, मला देऊ नका, मी मागितली तरी देऊ नका. सांगितल्यामुळे सोपं गेलं.

गोळ्यांचं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुतेक वर्षभर चालतात, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर. "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गाठ धरते आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा असेल तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. मशीन शॉपमध्ये हात कापला तर रक्त जास्त वेळ वाहतं, म्हणून हातमोजे घालायचे आणि फर्स्ट एडच्या पेटीत कापूस-पट्टी भरपूर आहे का ते बघायचं. दुसरी एक गोळी ठोके हळू करते, तिच्यामुळे पहिले काही आठवडे अंग जड वाटतं, माणूस आळशी झाला असं लोकांना वाटतं, तसं नसतं. आणि ह्याच गोळीमुळे मनगटावरच्या घड्याळात ठोके बघून व्यायाम ठरवणं चुकीचं पडतं. त्यापेक्षा सोपं, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग कमी करा. आम्ही टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी जायचो, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस, दोन महिन्यांत चाळीसपर्यंत आलो, आणि त्या चाळीस मिनिटांनीच त्याला कारखान्यासाठी तयार केलं असं मी म्हणेन. कार्डियाक रिहॅब म्हणतात ते हेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यायाम, खाणं, मन तिन्ही बघतात. त्यानं हृदयविकारानं मरण्याचं आणि परत ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी होतं हे सिद्ध झालंय. जिथं मिळेल तिथं घ्या.

कारखान्यातल्या गैरसमजांनी पण जीव नकोसा होतो. कुणी म्हणालं भट्टीच्या गरमीनं स्टेंट वितळेल, कुणी म्हणालं वेल्डिंगजवळ गेला तर सरकेल. दोन्ही खोटं. स्टेंट नळीच्या भिंतीत रुतून बसतो आणि काही महिन्यांत त्याच्यावर अस्तर धरतं. वेल्डिंगची खरी काळजी पेसमेकर किंवा छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेल्यांनी घ्यायची.

मनाबद्दल मी शेवटी विचारलं आणि ते सगळ्यात आधी विचारायला पाहिजे होतं. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं डिप्रेशन येतं. भाऊ रात्री दोनला उठून छातीवर हात ठेवून बसायचा. आम्हाला वाटलं गॅस. छातीत जरा टोचलं की तोंड पांढरं पडायचं, मग चार दिवस बोलणं बंद. डेन्मार्कमध्ये पहिला अटॅक आलेल्या बावीस हजारांवर नोकरदार लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये छापला, त्यात ९१ टक्के लोक वर्षभरात कामावर परत गेले, पण परत गेल्यावर पुढच्या वर्षाच्या आत जवळजवळ चौथा हिस्सा कामातून बाहेर पडलेला होता. सगळ्या सोयी असलेल्या देशात हे. म्हणजे गेटमधून आत जाणं एवढ्यावर भागत नाही, टिकायला पाहिजे, आणि टिकायचं तर झोप उडाली, रडू येतंय, कशातच मन लागत नाही हे डॉक्टरांना सांगायला लाजायचं नाही. नवरा-बायकोच्या संबंधांची भीतीही ह्याच वयात असते आणि कुणी विचारत नाही, दोन मजले न दमता चढता आलं तर बहुतेकांना परवानगी मिळते, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी घेणाऱ्यानं ताकदीच्या गोळ्या मेडिकलमधून गुपचूप आणायच्या नाहीत, दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं.

आता कागद. डॉक्टरांकडून "कामास योग्य" किंवा "हलकं काम" एवढंच लिहून आणू नका, ते कुणाच्या कामाचं नाही. आमचे डॉक्टर कन्नड, इंग्लिश, मराठी तिन्ही मिसळून बोलायचे, मी त्यांना भावाच्या कामाचं सगळं वर्णन करून सांगितलं, पेटी किती किलोची, किती वेळा उचलतो, भट्टी किती फुटांवर, आणि मग त्यांनी लिहून दिलं: दोन आठवडे रोज चार तास, नंतर पूर्ण दिवस, दहा किलोच्या वर एकट्यानं उचलायचं नाही, पोअरिंगवर (वितळलेला धातू ओतायला) नाही, रात्रपाळी तीन महिने नाही, तीन महिन्यांनी परत तपासणी. हा कागद बघून त्याच्या शेठनं दोन मिनिटांत त्याला कोअर शॉपला बदललं. मालक लोक बहुतेक वेळा वाईट नसतात, कारखान्यात काही झालं तर काय करायचं ह्या भीतीनं ते नको म्हणतात, आणि नेमकं लिहिलेलं असलं की भीती कमी होते.

पगाराचं बघायचं तर ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापली जात असेल (पगार २१,००० पर्यंत) आणि हप्ते नीट भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, आणि अटॅकनंतर ईएफ ४५ च्या खाली असेल तर तो लांबच्या आजारांच्या यादीत बसतो, मग ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं, त्यात दिवस घालवू नका. उपचाराच्या खर्चाला बीपीएल कार्डवाल्यांना आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे. आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, आपलं गाव यादीत आहे का ते आधीच बघून ठेवा, ॲडमिट झाल्यावर पळापळ नको.

कामाच्या जागी दोन माणसांना तरी सगळं माहीत पाहिजे. छातीवर दगड ठेवल्यासारखं, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, धाप, असं काही झालं तर काम तिथल्या तिथं बंद, बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली, आणि पाच मिनिटांत कमी नाही तर १०८. खानापुरात, गावाकडे असाल तर सरळ तालुका दवाखाना गाठा, पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत ईसीजी काढून लगेच मोठ्या हॉस्पिटलला दाखवतात आणि गाठ विरघळवायचं टेनेक्टेप्लेस इंजेक्शन फुकट देतात. टू-व्हीलरवरून मध्ये बसवून बेळगावला पळवत आणण्यात वेळ घालवायचा नाही.

भाऊ नवव्या आठवड्यात कामावर गेला. पहिल्या दिवशी चार तास करून आला आणि आठ तास झोपला, आई घाबरली, पण तसं होतंच म्हणे, पहिले दोन आठवडे थकवा ठरलेला असतो. आता सातवा महिना चालू आहे, कोअर शॉपमध्ये पूर्ण दिवस करतो, डबा घरचा, खिशात गोळ्यांची छोटी डबी आणि पाकिटात ईसीजीची झेरॉक्स. मागच्या पट्ट्यावर साडेसात मिनिटं गेला. पुढची टीएमटी गणपती झाल्यावर आहे, नऊ मिनिटं पूर्ण केली तर मोल्डिंगला परत जायचं बघू असं डॉक्टर म्हणालेत. तो म्हणतोय जाणार. आईनं अजून हो म्हटलेलं नाही.